इडलीच्या ताटलीवरचे आकडे

इडलीच्या ताटल्या घासताना खिळ्याने कोरलेला तीनचा आकडा बोटाला लागला आणि रॉकेलचा वास आल्यासारखं वाटलं. आमच्या वेलचेरी भागात पुराचं पाणी भरलं त्या वर्षी आमची जुनी गाडी बॉनेटपर्यंत बुडाली होती. मेकॅनिक म्हणाला, भंगारात द्या. ह्यांनी मात्र हट्टाने खाली पार्किंगमध्येच साखळीच्या कप्पीने इंजिन उचलून बाहेर काढलं, पार सुटं केलं आणि एकेक भाग वर आणून बाल्कनीत रॉकेलने धुवायला बसले. व्हॉल्व्ह ठेवले ते चक्क माझ्या इडलीच्या ताटल्यांत! "अहो, उद्या इडल्या कशात करू?" मी ओरडले. "अगं, चार सिलिंडर, चार खळगे! प्रत्येक व्हॉल्व्ह आपल्याच जागी परत बसायला हवा, दुसऱ्याची जागा त्याला चालत नाही," म्हणत ते शांतपणे आकडे कोरत राहिले. गाडी सुरू होईपर्यंत खालच्या मजल्यावरच्या तमिळ मामी आम्हाला इडल्या पाठवत होत्या. आता हे नाहीत, आणि मला गाडी चालवता येत नाही. तरी रविवारी खाली जाते, डावीकडे माझ्याच जागी बसते, हात लांबवून किल्ली फिरवते आणि इंजिन ऐकत राहते.