साडभाऊंची पंगत

आमच्या साडभाऊंइतका कोंबड्यांचा मान राखणारा माणूस साऱ्या गोंदिया जिल्ह्यात सापडणार नाही; आणि त्यांच्या कोंबड्या माझ्यामुळे मेल्या, ही गोष्ट मी त्यांच्यापासून वर्षभर लपवून ठेवली.

साडभाऊ म्हणजे माझ्या मोठ्या मेव्हणीचे यजमान, राहणार केशोरी. मेव्हणी कोरोनाच्या साथीत गेली. शेवटचे दिवस तिने दवाखान्याच्या बंद वॉर्डात एकटीने काढले. साडभाऊंना तिचे तोंडही पाहता आले नाही. घरी उरल्या त्या तिने पाळलेल्या गावरान कोंबड्या. त्यांतली एखादी वाटेत बसली असेल, तर साडभाऊ तिला न उठवता अंगणाला वळसा घालून जात. कोंबड्याचे नाव त्यांनी 'जावई' ठेवले होते, कारण त्यांच्या मते काम शून्य आणि आवाज घरभर. पाहुण्याने रश्शाचा विषय काढला की त्याच्या पानात वरण वाढून विचारीत, "घरच्या माणसाले कोनी खाते का?" सर्वांत विलक्षण त्यांची पंगत. एकाच परातीत भात कालवून ते साऱ्या कोंबड्यांना जेवू घालीत आणि आजारी कोंबडीला मुद्दाम मधोमध बसवीत. मी एकदा हसलो, तेव्हा म्हणाले, "आजाऱ्याले वेगळं बसवलं का त्याले वाटते, आपन मेलोच." त्यानंतर मी हसलो नाही.

गेल्या उन्हाळ्यात मानमोडी आली. कोंबडीची मान पिरगळणारा हा विषाणूचा रोग. आधी लस दिली तर टळतो, जडल्यावर त्याला औषध नाही. साडभाऊ दुचाकीच्या हँडलला पिशवी अडकवून, तीत मान वाकडी झालेली कोंबडी घेऊन, कुडव्याला माझ्या औषधांच्या दुकानात आले. गिऱ्हाइके हसली. एकाने मला विचारले, "भैया, मरीज का पर्चा किधर है?" मला लाज वाटली ती हसणाऱ्यांची नव्हे, साडभाऊंची. ते लवकर जावेत म्हणून माणसांच्या फ्लूवरच्या कॅप्सूल मी त्यांच्या हातावर ठेवल्या आणि म्हणालो, विषाणूवरचेच औषध आहे, भातातून द्या. त्यांचा मानमोडीवर काही उपयोग नाही, हे मला पक्के ठाऊक होते. आजारी कोंबडी वेगळी ठेवा, बाकीच्यांसाठी जनावरांच्या डॉक्टरांना विचारा, एवढेच सांगायला हवे होते. त्यांची पंगत मला माहीत होती, तरी मी बोललो नाही.

त्यांनी कॅप्सूल फोडून भातात कालवल्या आणि सर्वांना एका परातीत वाढले. थोड्याच दिवसांत अंगण रिकामे झाले. जावई सर्वांत शेवटी गेला. पुढे साडभाऊ भेटेल त्याला सांगत, औषध चांगले होते, मीच उशीर केला.

परवा केशोरीला गेलो असता शेजाऱ्यालाही ते हेच सांगत होते. तो गेला. मग माझ्याकडे न बघता, अगदी सहज म्हणाले, "तुझ्या बाईच्या बहिनीच्या वक्तालेबी दवाखान्यात न्याले असाच उशीर केलो मी."

एवढे दिवस तो माणूस एका अंगणात दोन मरणे स्वतःच्या नावावर घेऊन बसला होता, आणि त्यांतले एक, कोंबड्यांचे, माझ्या नावावरचे होते. अंगणात चिमण्या निवांत दाणे टिपत होत्या. त्यांना हुसकावणारे आता कोणी नव्हते.

"भाऊ," मी म्हणालो, "तुम्ही उशीर नाही केला. ते औषध त्या रोगाचं नव्हतंच, आन मले माहीत होतं. लोक हसून राहिले होते, म्हून तुम्हाले दुकानातून घालवाले दिलं मी. मले माफ करा."