उजव्या खिडकीचा पहारा

वहिनींना विमान चालवता येत नव्हतं, आणि शिकावं असंही त्यांना कधी वाटलं नाही. पण लग्न झाल्यापासून त्या नवऱ्याच्या दोन माणसांच्या विमानात उजव्या सीटवर बसत आल्या होत्या, आणि त्यांच्याकडे एकच काम होतं: बाहेर बघायचं.

हे काम ऐकायला सोपं वाटतं, पण तसं ते नाही. आकाश रिकामं दिसतं म्हणून ते रिकामं असतं असं नाही. लहान विमानांना वर कोणी वाट आखून देत नाही. ज्याने त्याने आपापले डोळे उघडे ठेवायचे. वहिनींचा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला. ओळीवरून नजर नुसती फिरवली तर चूक सापडत नाही, शब्दाशब्दावर थांबावं लागतं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. आकाशही त्या तसंच वाचत. एक तुकडा, थांबा. पुढचा तुकडा, थांबा. काही दिसलं की म्हणत, "अहो, डावीकडे, आपल्यापेक्षा खाली." की नवऱ्याने मान हलवायची आणि बाजूला व्हायचं. संसारात त्यांचं इतकं निमूटपणे ऐकलं जाण्याची ही एकच जागा होती.

नवरा दातांचा डॉक्टर. क्लबात मात्र त्यांना सगळे कॅप्टन म्हणत. कोणीतरी चेष्टेने ठेवलेलं नाव, पण ह्यांनी ते मनापासून मिरवलं. क्लब म्हणजे तरी काय, गवताची धावपट्टी, पत्र्याच्या शेड आणि चहाचं मशीन ठेवलेली एक खोली. रविवारी हौशी मंडळी जमायची, विमानं पुसायची आणि उडण्यापेक्षा उडण्याच्या गप्पा जास्त मारायची.

एका रविवारी कॅप्टनांनी खिशातून साबणाच्या डबीएवढं एक यंत्र काढलं आणि विमानात समोरच्या फळीवर चिकटवलं. आसपास दुसरं विमान आलं की ते टुंकटुंक वाजायचं, आणि ते किती लांब, आपल्या वर की खाली, हे पडद्यावर दाखवायचं.

"झालं," कॅप्टन म्हणाले. "आता तू खुशाल डुलकी काढ."

"म्हणजे मला पेन्शन का?"

"काय समजायचं ते समज. डबीला मान दुखते, डोकं दुखतं, असलं काही नसतं."

वहिनी हसल्या. पण ते बोलणं त्यांना लागलं. आणि बाहेर बघणं काही त्यांनी सोडलं नाही, कारण डबीसोबतचं माहितीपत्रक त्यांनी वाचलं होतं. छापलेला कागद न वाचता ठेवणं त्यांना जमतच नसे. डबी स्वतः काही बघत नाही. दुसऱ्या विमानात संकेत पाठवणारं यंत्र असेल आणि ते चालू असेल, तरच तिला त्याचा पत्ता लागतो. नसेल तर ती ठार बहिरी. त्यांनी कॅप्टनांना हे वाचून दाखवलं, तेव्हा ते म्हणाले, "हल्ली सगळ्यांकडे असतं गं."

सगळ्यांकडे नव्हतं. टेकडीपलीकडच्या मैदानावर एक गृहस्थ जुनाट पिवळ्या विमानाने बिनइंजिनाची विमानं ओढून वर न्यायचे. लोक त्यांनाच पिवळ्या म्हणत. त्यांच्या विमानाला साधी बॅटरीही नव्हती. पंखा हाताने फिरवून ते सुरू करत.

पुढच्या रविवारी दोघं उडाली तेव्हा लख्ख उजेड होता. परत येताना टेकडीच्या अलीकडे वहिनींना काचेवर एक ठिपका दिसला.

"अहो, समोर, जरा उजवीकडे. विमान."

"कुठे? डबी गप्प आहे."

"डबी असू दे गप्प. मी बोलतेय ना!"

"घाण असेल काचेवर. हलतंय का ते?"

"नाही हलत."

"मग? विमान असतं तर हललं नसतं?"

काचेवर जे सरकत नाही आणि नुसतं मोठं होत जातं तेच आपल्यावर येत असतं, हे वहिनींना पहिल्याच वर्षी शिकवलं होतं ते ह्यांनीच. ठिपक्याला पंख फुटले. पंख पिवळे झाले. विमान वर-खाली करायच्या ज्या दांड्याला त्यांनी जन्मात कधी हात लावला नव्हता तो दांडा त्यांनी दोन्ही हातांनी पुढे रेटला. विमानाने नाक खाली टाकलं, कॅप्टन ओरडले, "अगं वेडी झालीस का!" आणि डोक्यावरून पिवळं पोट निघून गेलं. इतकं जवळून, की वहिनींना त्यावरचा तेलाचा ओघळ दिसला.

कॅप्टनांनी विमान सावरलं आणि धावपट्टीवर आणलं.

उतरल्यावर कॅप्टनांना कंठ फुटला. चहाच्या मशीनपाशी अध्यक्षांनी विचारलं, "काय हो, चेहरा का असा?" आणि कॅप्टन म्हणाले, "वाचलो! डबी वाजली म्हणून वाचलो. टुंक झालं, आणि मी सरळ विमान खाली घेतलं."

वहिनी कप हातात धरून ऐकत राहिल्या. त्यांना वाटलं, घाबरलेत, घरी गेल्यावर निवळतील. पण संध्याकाळपर्यंत गोष्टीला हातपाय फुटले होते, आणि क्लबातल्या पाच जणांनी डब्या मागवायचं ठरवलं होतं.

"खोटं का सांगितलंत?" भांडी विसळता विसळता त्यांनी विचारलं.

कॅप्टनांनी हातातल्या टॉवेलची घडी घातली आणि मोडली. "मग काय सांगू? मला दिसलं नाही, आणि बायकोने विमान माझ्या हातातून काढून घेतलं? पुढच्या महिन्यात डोळ्यांची तपासणी आहे माझी. ही गोष्ट फुटली तर लायसन्स गेलंच समज." मग हळूच म्हणाले, "जन्मभर लोकांच्या तोंडात वाकून बघितलं गं मी. वर गेलो की जरा ताठ बसतो."

वहिनींना राग आला आणि कीवही आली. कीव आली याचा जास्त राग आला. पण त्या गप्प बसल्या असत्या. नवऱ्याची अब्रू झाकण्याची त्यांना सवय होती.

घोडं अडलं ते लेकीपाशी. लेकीने त्याच वर्षी लायसन्स काढलं होतं. तिची पोर चार वर्षांची. क्लबाच्या चार माणसांच्या विमानात तिला घेऊन उडायचं तर शेजारी बघायला आई हवी, असं दोघींचं ठरलेलं. आता लेक जेवायला आली ती म्हणाली, "बाबा, मलाही डबी मागवा. मग छोटीला मी एकटीच नेईन. आईला कशाला दर वेळी दगदग."

वहिनींनी चमचा खाली ठेवला. "ती डबी वाजली नव्हती."

"म्हणजे?"

"नव्हती वाजली. मला दिसलं आणि मी दांडा ढकलला."

कॅप्टन हसले. आपल्या खुर्चीवर दात उपटण्याआधी रोग्याला धीर द्यायला हसायचे, तसंच. "अगं, वाजली असेल तरी तुला कळणार कसं? तुझा डावा कान काय म्हणतो?"

डावा कान खरंच अधू होता. इंजिनाच्या घरघरीने गेला होता. कानांवर लावायचे नवे जाड हेडफोन कॅप्टन घ्यायचे, फाटक्या गादीचे जुने वहिनींना मिळायचे. लेकीने आईचा हात धरला. "आई, एकदा डॉक्टरांना दाखवू या का?" ती हे अगदी मायेने बोलली.

दुसऱ्या दिवशी त्या बसने टेकडीपलीकडे गेल्या. विमानाच्या इंजिनात हात घालून पिवळ्या बसले होते.

"माझ्या विमानात दिवा लावायला बॅटरी नाही वहिनी, तुमच्या डबीला कुठून साद देणार?"

"हेच तेवढं क्लबात येऊन सांगा."

"आणि उद्या ते म्हणाले, असलं यंत्र नसेल तर उडायचं नाही, मग? नको. मला यात ओढू नका."

"बरं. मग शनिवारी सकाळी वर कुठे असाल, तेवढं तरी सांगाल?"

तेवढं त्यांनी सांगितलं.

शनिवारी छोटीला आजोबांपाशी ठेवून मायलेकी उडाल्या. नवी कोरी डबी समोर चिकटवलेली. थोड्या वेळाने ती वाजली. लांबून एक पांढरं विमान गेलं. लेक खूश. "बघ! उगीच बिचारीच्या मागे लागलीस."

"ज्याच्यात यंत्र आहे त्याला वाजते. पुढे चल."

टेकडीच्या कडेला वहिनींनी बोट दाखवलं. "ते बघ."

लेकीने डबीकडे बघितलं. "काही नाही आई."

"तिकडे नको गं, बाहेर बघ बाहेर!"

लेकीला ते सापडायला वेळ लागला. सापडलं तेव्हा तिचा श्वास अडकला. पिवळं विमान त्यांच्याच उंचीवर, बेताच्या अंतरावरून चाललं होतं. डबीवर रेघ नाही की आवाज नाही. लेकीने ती बंद करून पुन्हा चालू केली. गप्प.

"बाबांना माहीत होतं?"

"होतं."

"मग तू ओरडून का नाही सांगितलंस?"

"सांगितलं. तुम्ही माझा कान तपासायला निघालात."

उतरल्यावर कुंपणापाशी कॅप्टन नातीला कडेवर घेऊन उभे होते. "काय, वाजली की नाही?"

"वाजली, बाबा," लेक म्हणाली. ते खोटंही नव्हतं.

गाडीपाशी ती आईला म्हणाली, "छोटीला मी नेणार नाही आता. तुझी शपथ. पण क्लबात मला साक्षीला ओढू नकोस. उडण्यावाचून बाबांना दुसरं आहे काय गं?"

"आणि डब्या मागवणारे बाकीचे पाच?"

"ते कुक्कुली बाळं आहेत का?"

वहिनींना ते पटलं नाही. रविवारी क्लबाच्या खोलीत अध्यक्ष नव्या डबीचं कौतुक करत होते. त्या उभ्या राहिल्या आणि स्पष्ट म्हणाल्या, "त्या दिवशी डबी वाजली नव्हती. यंत्र नसलेलं विमान तिला कळत नाही. तिच्या भरवशावर बाहेर बघायचं सोडलंत तर मराल."

मग कॅप्टनांनी, जराही न चिडता, एक बोट आपल्या डाव्या कानाला लावलं. कोणीतरी खुदकन हसलं. एक जण समजूत घालावी तसं म्हणाला, "हो हो वहिनी, काळजी घेऊ आम्ही." लेक भिंतीला टेकून उभी होती. वहिनींनी तिच्याकडे पाहिलं. ती कपात बघत होती.

अध्यक्षांनी चहा ओतला आणि वहिनींच्या अगदी जवळ वाकून ओरडून विचारलं, "वहिनी! साखर किती?"

वहिनी तोंड उघडणार, तोच लेक म्हणाली, "आईला बिनसाखरेचा द्या."