मामूंचा फेटा आणि माझे महागडे हेडफोन

"तू दिवसभर कानाला झाकणं लावून बसतीस, तुला कळत असंल," असं म्हणून मामूंनी फोन ठेवला आणि माझी ट्रिप ठरली. लोक गोव्याला जातात, हिमाचलला जातात. मी शिरवळहून पलूसला निघाले, काँप्युटरचा आवाज बघायला.

कानाला झाकणं लावणं हा माझा धंदा आहे. व्हिडिओतलं बोलणं ऐकून खाली सबटायटलं टाइप करते, घरबसल्या. त्यामुळे आमच्या खानदानात हेडफोन, स्पीकर, माइक यातलं काहीही बिघडलं की फोन मला येतो. मिक्सर बिघडला तरी येतो, पण तो विषय वेगळा.

मामू म्हणजे अम्मीचे थोरले भाऊ. कुस्तीच्या मैदानाचे निवेदक. पलूस, कुंडल, तासगाव भागात जत्रेचं मैदान असलं की लाल मातीच्या कडेला फेटा बांधून उभे राहणार आणि हातात माइक घेऊन दिवस मावळेपर्यंत बोलणार. कोण कुणाचा पट्ठा, कुठल्या तालमीचा, कुठला डाव टाकतोय, सगळं तोंडपाठ. मध्येच एखादा पाहुणा दिसला की, "असतील तिथं उभं राहावं," असं फर्मान सुटायचं. तो माणूस गर्दीत उभा राहीपर्यंत मामू पुढची कुस्ती लावू द्यायचे नाहीत. मग हलगी वाजायची आणि माणसाचा फेटा बांधून सत्कार व्हायचा. आमदारालाही हेच आणि चहावाल्यालाही हेच.

यंदा गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी उभं राहणं बंद केलं. मैदानं आता इंटरनेटवर थेट दाखवतात. ते दाखवणारा सांगलीचा विकास म्हणाला, मामू, घरी बसून काँप्युटरवर कुस्ती बघा आणि तिथूनच बोला. पहिल्या चाचणीत मामूंनी मैदानाचा आवाज साध्या स्पीकरवर लावला. तो स्पीकरमधून माइकमध्ये शिरला आणि हलगी दोनदा वाजायला लागली. विकासने सांगितलं, हेडफोन घ्या, रविवारी पुन्हा बघू. जमलं तर हंगाम तुमचा, नाहीतर एक तरुण निवेदक तयार आहे. हे त्याने अगदी अदबीने सांगितलं, म्हणून मामूंना जास्त लागलं.

शुक्रवारी सकाळी निघाले. एकट्या बायकांनो, हा प्रवास बेलाशक करा: एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे, खिडकी मिळते, आणि खंबाटकीच्या घाटात वारा छान लागतो. वाटेत खंडाळा लागतं. ते हे खंडाळा, लोणावळ्याशेजारचं नव्हे. इथे उतरून धबधबा कुठाय विचारू नका, लोक हसतात.

माझ्या पुढच्या सीटवर सुट्टीवर आलेला एक जवान मोबाइलवर मोठ्याने व्हिडिओ बघत होता. मी शहाण्यासारखा चेहरा करून त्याला इयरफोनबद्दल सुचवणार, एवढ्यात मागून एक आजोबा म्हणाले, "रं गड्या, जरा मोठ्यानं लाव की. आमास्नी बी ऐकू दी." जवानाने आवाज वाढवला. साताऱ्यापर्यंत अख्ख्या बसने एका नवरदेवाची घोडीवरून झालेली फजिती ऐकली.

साताऱ्यात उतरले ती दोन कामांसाठी. एक कंदी पेढे, दुसरं हेडफोन. पेढ्यांना पाच मिनिटं लागली. हेडफोनच्या दुकानात मात्र विक्रेत्याने माझ्या कानाला एक जोड लावून असं काही गाणं सुरू केलं की दाढा हलल्या. "ताई, बेस ऐका, बेस." मी म्हटलं, मला माणसाचं बोलणं ऐकायचंय. असं गिऱ्हाईक त्याला बहुधा नवीन होतं.

वाचकहो, दुकानात आपला ओळखीचा आवाज घेऊन जा. दुकानदाराचं गाणं प्रत्येक हेडफोनवर भारीच वाजतं, कारण ते त्याचसाठी निवडलेलं असतं. मी मोबाइलमध्ये मामूंच्या जुन्या मैदानाचं रेकॉर्डिंग नेलं होतं. स्वस्त जोडीत हलगी पत्र्याच्या डब्यासारखी वाजत होती आणि मामू डब्याच्या आत बसल्यासारखे. बिनवायरचे घेतले नाहीत, कारण त्यांत आवाज किंचित मागे राहतो. तिकडे पैलवान पाठीवर पडायचा आणि इकडे मामू अजून ढाक डावच सांगत बसायचे. शेवटी पूर्ण कान झाकणारे, जाड गादीचे, वायरवाले घेतले. कानावर चढवले आणि दुकानाबाहेरचा अख्खा पोवई नाका गायब झाला. किंमत सांगत नाही, अम्मी हा ब्लॉग वाचते. निवडले मामूंसाठी, पण खरं सांगायचं तर जीव माझाच जडला होता.

कराडला गाडी बदलली. शेणोली, ताकारी, कुंडल करत पलूस. ऊसतोडीचा हंगाम चालू होता, त्यामुळे रस्ता उसाच्या ट्रॅक्टरांचा. दोन ट्रॉल्या, त्यावर डोंगराएवढा ऊस, आणि ड्रायव्हरच्या डोक्यामागे एवढाले स्पीकर. ओव्हरटेक करता येत नाही आणि गाणं बदलता येत नाही. वेळ हातात ठेवूनच निघा.

मामींनी दारातच हातावर पाणी घालून थेट जेवायला बसवलं. भाकरी, अख्खा मसूर आणि असा ठेचा की कानातला मळ आपोआप निघावा. मामू शेजारी बसून हेडफोनचं खोकं उलटसुलट करत होते. घरात आमची बोली अर्धी हिंदी, अर्धी मराठी. गंभीर विषय आला की सगळे मराठीवर येतात. मामू मराठीवर आले. म्हणाले, "पोरी, माइक गेला तर मी नुसता गुडघं दुखणारा म्हातारा उरतोय बघ." मी मसूर ढवळत बसले.

जेवणं झाल्यावर पहिला प्रयोग. मामूंनी फेटा काढून ठेवला, हेडफोन चढवले आणि मी जुनी कुस्ती लावली. मामूंनी तोंड उघडलं मात्र, मामी स्वयंपाकघरातून कानांवर हात ठेवून बाहेर आल्या. गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. रेकॉर्डिंगमध्ये नुसता फाटका आवाज. ते विकासला पाठवलं. त्याने कळवलं, "मामू, तुमी सांगताय का भांडताय?"

मी आवाज कमी करायला सांगितला, तर मामू तलाठ्याची नोटीस वाचल्यासारखं बोलायला लागले. घिस्सा मारला. पैलवान खाली गेला. पैलवान उठला. आपल्याच तोंडावर आपला विश्वास नसल्यासारखं. शेवटी त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "फेट्याबिगर माझ्या तोंडातनं कुस्ती निघत न्हाई."

मी म्हटलं, मामू, इथे तुम्हाला कोण बघतंय? तर म्हणाले, "मला ठावं हाय की, डोसक्यावर काय न्हाई ते."

मग सुरू झाली फेटा आणि हेडफोनची कुस्ती. फेट्यावरून हेडफोन ताणले तर गाद्या कानशिलावर येत होत्या. आधी हेडफोन आणि वरून फेटा बांधला तर मामूंचं डोकं गारुड्याच्या टोपलीएवढं झालं आणि मान हलवली की सगळा डोलारा डावीकडे कलंडत होता. हेडफोनची पट्टी मानेमागून घालायचा प्रयत्न केला, तेव्हा मामी भिंतीला टेकून हसत बसल्या. मामूही हसले, पण थोडेच.

शनिवारी मी सांगली गाठली, वसगडे आणि नांद्रे मार्गे. मला वाटत होतं दोष यंत्रांचा आहे. सांगलीत साउंडचं सामान विकणारं एक मोठं दुकान सापडलं. मालकाने काँप्युटर म्हणेपर्यंत ऐकूनच घेतलं नाही. "ताई, ट्रॅक्टर कुठल्या कंपनीचा?" काँप्युटरला पाहिजे म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला, पण माणूस दिलदार. तरी पण एवढा एक भोंगा बघून जा म्हणाला. बघितला. ऊस आपोआप तुटावा असा होता.

त्याच्याकडून दोन कामाच्या वस्तू घेतल्या. एक साधा टेबलावर ठेवायचा माइक, जो तोंडासमोर वीतभर अंतरावर आणि जरा बाजूला ठेवायचा, म्हणजे प आणि फ चे फटके बसत नाहीत. दुसरं, पेन ड्राइव्हसारखं यूएसबीत बसणारं छोटं साउंड कार्ड. जुन्या काँप्युटरच्या पुढच्या भोकात माइक लावला की जी घूं घूं येते, ती याने जाते. दोन्हींचा खर्च मिळून माझ्या हेडफोनच्या पासंगालाही पुरत नव्हता. उरलेल्या पैशांत भडंग घेतलं. परतीच्या बसमध्ये अर्धं संपलं.

रविवारी सकाळी मामू आंघोळ करून, दाढी करून, पांढरी विजार-सदरा घालून तयार. फेटा बांधून बसले होते आणि तोंड असं, की आज काही कुणी हात लावू नये. हेडफोनचं नाव काढायची माझी हिंमत झाली नाही. पण मैदानाचा आवाज तर त्यांच्या कानात जायलाच हवा. मामी उठल्या आणि मोबाइलबरोबर मिळालेला त्यांचा जुना इयरफोन घेऊन आल्या. त्यावर त्या रोज भाकऱ्या थापता थापता मालिका ऐकतात. एक बोंड त्यांनी मामूंच्या डाव्या कानात घातलं आणि वरून फेट्याची घडी ओढून पक्कं केलं. उजव्या बाजूला वायर पुरेना. दुसरं बोंड मामूंच्या छातीवर लोंबत राहिलं.

मी तोंड उघडून सांगणार होते की दोन्ही कान लागतात, एवढ्यात विकासने पलीकडून कुस्ती लावली.

"आली, आली, जोड आली मैदानात," मामू म्हणाले. ओरडले नाहीत. आवाज खालून वर चढत गेला, हलगीच्या मागे मागे, आणि पैलवानाने घिस्सा मारला तिथे असा थांबला की मीही श्वास धरला. काँप्युटरवरची आवाजाची पट्टी एकदाही लाल झाली नाही. गोठ्यात म्हैस निवांत रवंथ करत होती.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मामू आयुष्यभर आपला आवाज मैदानाच्या कडेच्या कर्ण्यांमधून परत येताना ऐकत बोलले होते. किती चढवायचं, कुठे सोडायचं, हे त्यावर ठरायचं. मी जाड गाद्या लावून त्यांचे दोन्ही कान बुजवले आणि वर विचारत होते की ओरडता का. शुक्रवारीच एक कान उघडा ठेवला असता तरी काम झालं असतं. हे समजायला मी सातारा आणि सांगली जिल्हे पालथे घातले. तुम्हाला फुकट सांगते: ज्याला बोलायचंय त्याचा एक कान मोकळा ठेवा, नाहीतर बाजूने उघडे असलेले हेडफोन घ्या. पूर्ण बंद हेडफोन माझ्यासारखीसाठी, जिला नुसतं ऐकायचं असतं.

कुस्ती निकाली झाली. मामूंचा हात फेट्यावर गेला. मग पलीकडून विकासचा आवाज आला, "मामू, गुरुवारी बारा वाजता बसा. सगळी मैदानं तुमचीच." मामी चहा टाकायला आत गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

सोमवारी निघताना मामूंनी हेडफोनचं खोकं माझ्या पिशवीत कोंबलं. मी नको नको म्हटलं, फार जोर न लावता. "ने तूच," ते म्हणाले. "ह्यात लय एकटं पडाय हुतंय." येताना खंबाटकीचा बोगदा लागला तेव्हा मी ते लावून पाहिले. आवाज अप्रतिम होता आणि शिरवळचा स्टॉप पुढे निघून गेला. कंडक्टर हाका मारून दमला होता म्हणे. पुढच्या नदीच्या पुलापाशी उतरून चालत मागे आले.

गुरुवारी मी घरच्या काँप्युटरवर मैदान लावलं. हेडफोन गळ्यात अडकवून ठेवले आणि छोटे स्पीकर ओट्याकडे वळवले, अम्मीलाही ऐकू यावं म्हणून. ती कणीक मळत होती. भाऊ बोलायला लागल्यावर तिचे हात थांबले, मग पुन्हा चालू झाले. तिसरी की चौथी कुस्ती झाली आणि मामू एकदम सत्काराच्या आवाजात शिरले.

"ह्या मैदानासाठी माइक दिल्याबद्दल, शिरवळच्या आमच्या भाचीबाई रेश्मा. असतील तिथं उभं राहावं."

मी हसायला लागले. गाऊनवर होते, केस विंचरलेले नव्हते, आणि मामूंना मी दिसतही नव्हते. पण ते पुढे बोलेनात. मैदानावर पुढची जोड हाताला माती लावून ताटकळली होती आणि मामू गप्प.

"ऊठ गं," अम्मी म्हणाली. ती स्वतः कणकेचे हात घेऊन केव्हाच उभी राहिली होती.

मी उभी राहिले. तेव्हा कुठे हलगी वाजली, आणि ती थांबेपर्यंत आम्ही दोघी स्वयंपाकघरात तशाच उभ्या होतो.