गुरद्याभोवतीची चरबी

बावीस वर्षांच्या नोकरीत मला माझ्या विषयातला प्रश्न एकदाच विचारला गेला, आणि तो विचारला एका ख्रिस्ती पाळकांनी. शेतकरी मला अनुदानाचं विचारतात, सरपंच फोटोचं विचारतात आणि वरचे साहेब माहिती विचारतात, जी आधी तीनदा पाठवलेली असते. मी पशुधन पर्यवेक्षक. लोक मला डॉक्टर म्हणतात. सरकारला ते मान्य नाही, पण लोक ही गोष्ट सरकारला विचारायला जात नाहीत.

तेव्हा माझी नेमणूक मुकुटबनच्या बाजूला होती आणि घर पुसदला. म्हणजे जिल्हा एकच. फक्त मधे अख्खा जिल्हा पसरलेला. महिन्यातून दोनदा एसटीनं हाडं खिळखिळी करून घेत घरी जायचो, आणि बायको, मुलगी आणि आई यांना मी जिवंत असल्याचं दाखवून परत यायचो. पुसदला बदली व्हावी, एवढी एकच इच्छा उरली होती.

एका लसीकरणाच्या दिवशी शेळ्यांच्या गर्दीतून वाट काढत ते पाळक, म्हणजे गावचे गुरुजी, आले. निवृत्त शिक्षक, रविवारी टिनाच्या खोलीत दहा-बारा घरांची प्रार्थना तेच चालवायचे. त्यांनी विचारलं, बोकडाच्या गुरद्यांवरची, म्हणजे मूत्रपिंडांवरची, चरबी नेमकी कुठं असते? मला आधी वाटलं, थट्टा करताहेत. पण त्यांच्या हातात वही होती. प्राचीन इस्राएलात म्हणे बळी दिलेल्या जनावराचं मांस माणसं वाटून खायची, पुरोहिताचा वाटा पुरोहिताला जायचा, पण चरबी मात्र कोणी खायची नाही. त्यातही गुरद्यांभोवतीची चरबी वेदीवर जाळून देवाला. गुरुजींना याचा अर्थ लागत नव्हता.

"चांगलं मटन सोडून देवाले चरबी कायले पाहिजे होती?" असं त्यांनी विचारलं.

मी हात धुतले आणि सांगायला लागलो. रानात फिरून पोट भरणाऱ्या शेळीच्या गुरद्यांवर पाहण्यासारखं काही नसतं. जनावर खाल्लेल्यातून आधी हाड-मांस धरतं, उरलं तर चरबी करतं, आणि चारा तुटला की तीच जाळून जगतं. गुरद्यांभोवती भरगच्च चरबी दिसली, तर समजायचं की कोणीतरी या जनावराला महिनोन्महिने दावणीला बांधून, आपल्या घरातलं काढून चारलं आहे. मांस काय, कोणत्याही जनावराला असतं. चरबी ही घरातल्यांनी काय सोडलं त्याची पावती. त्या लोकांच्या राजवाड्यात पोसलेले बैल रोज कापले जात, हेही गुरुजींनी सांगितलं. म्हणजे राजाला ती पावती रोज मिळायची.

गुरुजींनी हे सगळं वहीत उतरवून घेतलं आणि एका रविवारी येऊन मंडळींना सांगा म्हणाले. मी लगेच हो म्हटलं. माझं बोलणं आजवर कोणी लिहून घेतलं नव्हतं.

आता आमच्या घरच्या बोकडाचं सांगायला हवं. आदल्या वर्षी टोचायला गेलो असताना एका बैलानं मला लाथ घातली. बरगडी मोडून आत रुतली आणि मी तीन आठवडे दवाखान्यात पडून होतो. पोरगा वाचू दे म्हणून आईनं गावदेवीला बोकड बोलला. मी घरी आलो तेव्हा करडू दाराशी बांधलेलं होतं. आईनं त्याला वर्षभर पोसलं. सरकीची ढेप, म्हणजे पेंड, भिजवून घालायची, तुरीचं कुटार मागून आणायची, उन्हात बाभळीच्या शेंगा वेचायची, आणि स्वतः मात्र बिनदुधाचा चहा प्यायची. बोकडाची पाठ टेबलासारखी झाली. मी खात्यातला माणूस, पण इतकं उत्तम जनावर मी फक्त खात्याच्या कॅलेंडरवर पाहिलं होतं.

बदल्यांची यादी निघायची होती. आमचे साहेब फार सज्जन. त्यांनी कधी कोणाकडे काही मागितलं नाही. ते फक्त आपल्या आवडी सांगायचे. त्या महिन्याच्या बैठकीत, जंतांच्या औषधाचा विषय चालू असताना, घरी पोसलेल्या बोकडाची चव बाजारच्याला येत नाही, असं ते खिडकीकडे बघत म्हणाले. खिडकीच्या अलीकडे मी बसलो होतो.

शनिवारी घरी गेलो आणि बोकड तपासला. पापण्या ओढून पाहिल्या, ताप मोजला, पोटाला नळी लावून डोळे मिटले. माझ्या सगळ्या नोकरीत इतकी मन लावून मी एकही तपासणी केली नाही. मग आईला सांगितलं की याच्या काळजात चपटे जंत झालेत, असलं रोगट जनावर देवीला चालत नाही, मी त्याची विल्हेवाट लावतो. तिनं बोकडाच्या मानेवरून हात फिरवला आणि म्हणाली, तुले समजते बाप्पा.

विल्हेवाट साहेबांच्या मित्राच्या शेतात लागली. रश्श्यावर बोटभर तर्री आली होती. साहेबांनी गुरदे आपल्या ताटात मागून घेतले आणि पोसणाऱ्याचं तोंड भरून कौतुक केलं. ते कौतुक मी मान खाली घालून स्वीकारलं. लोकांना तो माझा विनय वाटला.

देवीसाठी मी बाजारातून दुसरा बोकड आणला. बरगड्या मोजता येत होत्या, मागचा एक पाय किंचित ओढायचा. आमच्याकडे बोकडावर पाणी शिंपडतात. त्यानं अंग झटकलं की देवीनं घेतला असं मानतात. पहिल्यांदा पाणी टाकलं, हा उभाच. दुसऱ्यांदाही उभाच. तिसऱ्यांदा मी अख्खा तांब्या ओतला तेव्हा कुठं त्यानं अंग झटकलं आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, माझा जरा जास्तच. आई मात्र बराच वेळ हात जोडून पुटपुटत उभी होती.

पुढच्या रविवारी गुरुजींकडे गेलो. फळ्यावर बोकडाचं पोट काढून चरबीची जागा दाखवली. लोक मन लावून ऐकत होते. माझं झाल्यावर गुरुजींनी पुढची गोष्ट सांगितली. त्याच लोकांत पुढं अशी वेळ आली, की ते चांगली जनावरं घरी ठेवून देवापुढं लंगडी, आंधळी, रोगट आणायला लागले. तेव्हा त्यांचा एक संदेष्टा चिडून म्हणाला, हीच जनावरं तुमच्या सुभेदाराला नेऊन द्या बघू, तो खूश होतो का. लोक हसले. मी हसलो नाही. गुरुजींना वाटलं, मला समजलं नाही. म्हणून त्यांनी तेवढा भाग खास माझ्यासाठी पुन्हा सांगितला.

बदलीचा आदेश आला. पुसदच. साहेब शब्दाचे पक्के, हे मान्य केलं पाहिजे.

रोज गरम जेवण मिळायला लागलं, मुलीचा अभ्यास घ्यायला लागलो, आणि दोन महिन्यांनी एका सकाळी अंगणात नवं करडू दिसलं. आई त्याच्यापुढं घमेल्यात ढेप भिजवत होती. नवस तर फिटला, मग हे कशाला, असं मी विचारलं. ती म्हणाली, पाहून घे बरं, निरोगी हाय ना? तुले समजते.

मी करडाजवळ बसलो. त्याच्या पापणीला हात लावला आणि मला स्वतःची इतकी किळस आली, की तोंडातून निघूनच गेलं.

"माय, त्या बोकडाले काई नव्हतं झालं."

"माहीत हाय मले," ती ढेप कुस्करत म्हणाली. "वर्षभर त्याच्या लेंड्या मायाच हातानं झाडल्या. बिमार जनावराच्या लेंड्या तशा नसते."

"मंग तवा काहून नाई बोलली?"

"तुले बदली पाहिजे होती ना." तिनं हात झटकले. "देवीले मी तवाच सांगतलं, पोरगं साहेबाले भेते, तुले भेत नाई. एक वर्ष थांबजो, माय."

मग तिनं ते घमेलं माझ्याकडे सरकवलं आणि पदराला हात पुसत उठली.

"यंदा ढेप तू घालजो," ती म्हणाली आणि घरात गेली.