मुंबईची रांग सोडून लेरोसला

जुलै लागला की दुबई विमानतळावर मुंबईच्या काउंटरसमोर आमची अख्खी अल मनखूल वस्ती उभी असायची. दोरीने आवळलेली खोकी, नवे बूट घातलेली मुलं, आणि वजन जास्त भरलं म्हणून तिथेच बॅग उघडून बसलेल्या वहिन्या. नव्व्याण्णव साली मी आणि माझी बायको विद्या त्याच हॉलमध्ये होतो, पण अथेन्सच्या रांगेत. शेजारच्या कुलकर्णीवहिनींनी लांबूनच हाक मारली, "अहो, चुकलात! मुंबई इकडे!"

"चुकलो नाही, वहिनी," विद्या म्हणाली. पण तिचा आवाज बारीक झाला होता. आदल्या दिवशी नागपूरहून तिच्या बाबांचा फोन आला होता. "वर्षातून एकदा सुट्टी मिळते. ती परक्यांच्या बेटांवर घालवणार? मग आमच्या वाट्याला काय?" एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला होता.

तुम्हा दुबईकरांपैकी पुष्कळांना तेव्हा आमचं हे खूळ वाटलं, म्हणून ते कुठून आलं हे सांगायला हवं.

मी पुण्याचा, जहाजदुरुस्तीच्या कंपनीत ड्राफ्ट्समन. ब्याण्णवला दुबईला आलो, वर्षभराने लग्न करून विद्याला आणलं. ती नागपूरची. लग्नाआधी तिने समुद्र पाहिलाच नव्हता. माझ्या ऑफिसात पीटर नावाचा एक वयस्क इंग्रज इंजिनिअर होता. त्याची छोटी शिडाची बोट होती आणि शुक्रवारी दोऱ्या ओढायला त्याला माणूस हवा असायचा. मी जाऊ लागलो. विद्या डबा घेऊन धक्क्यावर बसायची. सहा महिने तशीच बसली. मग एका शुक्रवारी म्हणाली, "मी काय नुसत्या पोळ्या सांभाळायला येते? सरका." आणि बोटीत उतरली.

त्या दिवशी तिला उलट्या झाल्या. पुढच्या शुक्रवारीही. तिसऱ्या शुक्रवारी आल्याचा तुकडा चघळत आली आणि सरळ सुकाणू मागितलं. मला वारा कागदावर कळायचा, कोन आणि बाण काढून. तिला तो गालावर कळायचा. पीटर मला म्हणायचा, "तू गणित करतोस, ती ऐकते." रिटायर होऊन तो ग्रीसमधल्या लेरोस बेटावर राहायला गेला, तेव्हा जाताना त्याने ती बोट विद्याच्या नावावर केली. माझ्या नाही. मला जरा लागलं ते. पण बरोबरच होतं.

सत्त्याण्णवच्या हिवाळ्यात आम्ही दोघंच शारजाहून परत येत होतो. उत्तरेचा शमाल वारा अचानक उठला. शीड एका झटक्यात दुसऱ्या बाजूला फिरलं आणि त्याच्या खालचा आडवा दांडा माझ्यावर आदळला. कॉलरबोन मोडलं. मी बोटीच्या तळाशी पडून सूचना देत होतो, शीड कमी कर, इंजिन लाव, हे कर, ते कर.

"अहो, गप्प पडा जरा!" ती ओरडली. "तुमच्या बोलण्यात मला वारा ऐकू येत नाहीये."

मी गप्प झालो. पुढचे दोन तास मला खालून फक्त ती दिसत होती. कमीज अंगाला चिकटलेला, वेणी सुटलेली, ओठ सारखे हलत होते. रामरक्षा म्हणत होतीस का, असं मी नंतर विचारलं. "छे," ती म्हणाली, "वाऱ्याला शिव्या देत होते."

दुबईतल्या देऱ्याच्या धक्क्याला पोचलो तेव्हा शेजारच्या लाकडी लाँचवरचा एक खलाशी "यल्ला, रस्सी फेको!" म्हणून धावला. आमचं मराठी कानावर पडताच दोरी हातात धरून तसाच थांबला. तो दाभोळकडचा होता.

"वयनी, तुमी कुठल्या?"

"नागपूरची."

"नागपुरात दर्या कुठं हाय?" असं म्हणत त्याने आपल्या सोबत्यांना हाका मारल्या. चौघंजण हातातलं काम टाकून तिच्याकडे बघत उभे राहिले. ऑफिसात इतक्या वर्षांत माझ्याकडे तसं कुणी बघितलेलं नाही.

दोन वर्षांनी पीटरचं पत्र आलं. गुडघे गेलेत, इथे घेतलेली मोठी बोट नुसती बांधून आहे, सुट्टीत या, तिची डागडुजी करा आणि चालवा. असे आम्ही चार उन्हाळे गेलो. लेरोसहून लिप्सी, लिप्सीहून आर्की, पुढे पात्मोस. एवढ्याशा स्टोव्हवर पोहे, दोरीवर वाळणारे कपडे, बंदराच्या नळावर पाण्यासाठी नंबर. ऑगस्टात तिथला मेल्टेमी वारा सुटला की पाच-पाच दिवस एकाच बंदरात अडकायचं. दुसऱ्या वर्षी आर्कीचे कोळी हातवारे करून उद्या वारा पडेल का ते विचारायला लागले. विचारायचे विद्याला. मी कॉफी करायचो.

प्रत्येक बेटावर ती आधी कार्डाचा फोन शोधायची. पहिल्या उन्हाळ्यात बाबा बोललेच नाहीत. आई "जेवलात काय?" विचारायची आणि मागे बाबांचं खोकणं ऐकू यायचं. दुसऱ्या उन्हाळ्यात एकदा त्यांनी आईच्या हातून फोन घेतला. "आज कुठे?" विद्याने नाव सांगितलं. "स्पेलिंग सांग," ते म्हणाले, आणि लिहून घेऊन फोन ठेवला. मग दर वेळी तेवढंच. आम्हाला वाटलं, राग अजून धुमसतोय.

दोन हजार तीनच्या वसंतात पीटर वारला. बोट त्याच्या भाच्याने विकली. त्या सुट्टीत आम्ही नागपूरला गेलो. जेवणं झाल्यावर बाबांनी कपाटातून शाळेचा जुना अॅटलास काढला आणि ग्रीसचं पान उघडलं. निळ्या समुद्रात पेन्सिलीच्या बारीक रेघा होत्या आणि रेघांवर तारखा. त्यांच्यामध्ये वाटाण्याएवढे काही ठिपके हाताने काढलेले होते.

"ह्या नकाशात तुमची अर्धी बेटं नाहीतच," बाबा म्हणाले. "मीच काढली. स्पेलिंगवरून लायब्ररीत शोधून. चुकलं असेल."

विद्या फरशीवर त्यांच्याशेजारी बसली आणि खोडरबर मागितलं. "आर्की जरा वर हवं, बाबा. आणि इथे एक राहिलं."

"मग काढ की तू."

दुबईत लोक विचारतात, तुमचं घर नक्की कुठे? पूर्वी मी पुणे म्हणायचो, मग अल मनखूल, आणि मनात कुठेतरी लेरोसही असायचं. त्या दिवशी नागपूरला ती दोघं नकाशावर वाकून भांडत होती, आई चहा ठेवत होती, आणि मला झोप येत होती. त्या उन्हाळ्यांत आम्ही कुठे कुठे होतो ते त्या घरात कुणाला तरी रोज माहीत होतं. मी तिथेच चटईवर आडवा झालो.