बया माहेरी जाते

समस्त रहिवाशांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, खांदेश्वरातील आपल्या सोसायटीच्या नवव्या मजल्यावरची कन्या दिवाळीचा फराळ आटोपून माहेरी रवाना होत आहे. लिफ्टमधल्या केसांबद्दल ज्यांनी ज्यांनी तक्रार केली, त्यांनी निरोपाला अवश्य यावे.

हे मी सोसायटीच्या ग्रुपवर खरंच टाकलं होतं. सेक्रेटरींनी खाली नुसते हात जोडले. कन्या म्हणजे आमची हस्की कुत्री. निळ्या डोळ्यांची, लांडग्यासारखी दिसणारी आणि झुरळाला घाबरणारी. घरी तिला आम्ही बया म्हणतो. जन्म पनवेलच्या पुढे एका पत्र्याच्या शेडमध्ये झालेला, तेव्हा हिमाचल तिचं माहेर हे सगळं माझंच नाटक. पण नाटक केल्याशिवाय मला ते बोलताच येईना. बयाला आम्ही कायमचं सोडायला चाललो होतो.

आमच्याकडच्या उन्हाळ्यात ती बाथरूमच्या ओल्या फरशीवर धापा टाकत पडून असायची. डॉक्टर म्हणाले, हिचं काहीतरी बघा. मग ह्यांनीच, म्हणजे माझ्या नवऱ्याने, फोन फिरवला. आदल्या वर्षी आम्ही डोंगरात ज्या बाईंकडे उतरलो होतो, त्या तयार झाल्या. मात्र त्यांची एक अट होती. सगळ्यांनी मिळून वरच्या कुरणापर्यंत चालत जायचं, तिथे पट्टा सोडायचा आणि बाईंनी परतीची वाट धरायची. बया आपणहून त्यांच्या मागे गेली तर राहील, आमच्या पायाशी घुटमळली तर आमची आम्ही परत न्यायची. जबरदस्तीचं जनावर त्यांना नको होतं.

मी समजूतदारपणे मान डोलावली आणि जॅकेटच्या आतल्या खिशात चकल्या भरल्या.

बर्फ यंदा लवकर पडला होता. सफरचंदाच्या झाडांवर अजून पिवळी पानं होती आणि पानांवर पांढरा थर. बाई घरात फिरल्यासारख्या चढत होत्या. त्यांच्या मागे बया आणि पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला माकडटोपीतले हे, चालत कमी आणि ओढले जात जास्त. मी दोनदा बसले. एकदा ठरवून, एकदा घसरून.

कुरणावर ह्यांनी पट्टा सोडला. बया क्षणभर थांबली, मग तिने बर्फात डोळ्यांपर्यंत तोंड खुपसलं, उताणी लोळली, उठून गोल गोल धावली आणि मान वर करून एक लांब सूर लावला. घरी असा सूर निघाला की आम्ही तिचं तोंड दाबून धरायचो, खालच्या आजींची झोपमोड नको म्हणून. इथे तो दरीभर फिरला आणि कुणाचं काही बिघडलं नाही. घरी आलेल्या पाहुण्याला वर्षानुवर्षं दारात उभं ठेवावं आणि बसा म्हणायचं विसरून जावं, तसं झालं मला. मान वर करवेना.

बरं, लाज वाटली म्हणून मी शहाण्यासारखी वागले का? छे. बाई पाठ फिरवून उतरायला लागल्या तशी मी हळूच खिशात हात घातला. चकली मोडल्याचा आवाज झाला मात्र, बया तीरासारखी माझ्याकडे आली. मी दोन्ही हात पसरून जाहीर केलं की हिला माझ्याशिवाय करमतच नाही, आता काय करायचं बाई. पण बयाच्या मिशांना भाजणीचा भुगा लागला होता.

"खिसा रिकामा कर," हे म्हणाले.

मी विचारलं, कुठला खिसा. ह्यांनी नुसता हात पुढे केला. सगळ्या चकल्या निघाल्या. पाहुण्यांनी बयाला तळलेलं काही दिलं की त्यांच्या अंगावर धावून जाणारी मी. बाई परत वर आल्या, त्यांनी एक चकली उचलून खाल्ली आणि छान झालीय म्हणाल्या, अगदी मनापासून. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाई पुन्हा निघाल्या. "आता बोलव," हे म्हणाले.

मी बोलावलं. बयो, ए बयो, चल, घरी जायचं. तिने कान टवकारले, शेपटी हलवली, माझ्याकडे प्रेमाने पाहिलंसुद्धा. मग उड्या मारत बाईंच्या मागे उतरून गेली. माझ्यावर रागावली असती तरी मला धरायला काहीतरी मिळालं असतं.

उतरताना फोन सारखा वाजत होता. ग्रुपवर फोटो मागत होते, मी फोनच बंद केला. खाली अंगणात बाईंनी बयाच्या सवयी विचारल्या. मी वाकून बुटातला बर्फ काढत राहिले. तेव्हा हे पुढे झाले. इतकी वर्षं तिला "तुझं कुत्रं" म्हणणारा माणूस घोट्यापर्यंत बर्फात उभा राहून, ऑफिसातल्या आवाजात, एकेक सांगत गेला. सकाळी दहीभात. कुकरची शिट्टी झाली की पलंगाखाली शिरते, ओढून काढायची नाही. कानामागे खाजवलेलं आवडतं, पण डाव्याच.

आणि रात्री, बाईंनी विचारलं, झोपते कुठे?

ह्यांनी बयाकडे पाहिलं, गळा साफ केला आणि आपल्या हिंदीत बोलून गेले, "रात को एसी अठरा पे रखना पडता है इसको."