माझ्यासाठी ठोकलेला खिळा

सरांनी माझ्यासाठी वेगळा खिळा ठोकला, तेव्हा मी त्यांच्या पाया पडलो. हे सांगायला आजही जीभ रेटत नाही. पण सांगतो.

नव्वदच्या दशकातली, साताऱ्यातली बॉक्सिंगची तालीम. पत्र्याचा हॉल, साखळीला टांगलेली बॅग, कोपऱ्यात लोखंडी पेटी. पेटीत ग्लोव्हजचे सहा जोड आणि हाताला गुंडाळायच्या पट्ट्या. सगळे त्यातलंच वापरायचे. मी वडूजकडचा, कॉलेजसाठी सातारला राहणारा. जिल्ह्याच्या संघात निवड झाली तर लष्करात खेळाडू म्हणून घेतात, एवढंच मला ठाऊक होतं. दुसरा रस्ता दिसतच नव्हता.

निवडीच्या अर्जासाठी मी तालमीतल्या सरांना कॉलेजचा दाखला दिला. त्यावर लिहिलं होतं, नवबौद्ध. दुसऱ्या दिवशी दाराजवळ, केरसुणीच्या वर, नवा खिळा होता. त्याला ग्लोव्हजचा एक जुना जोड, पेटीतल्या सहांपेक्षा वेगळा.

"ह्ये तुजं," सर म्हणाले. "पेटीत हात घालायचा न्हाई."

मी पहिलंच वाक्य ऐकलं. स्वतःचा जोड! मी वाकलो. हॉलमध्ये कुणी हसलं नाही, आणि त्याचंही मला काही वाटलं नाही. उंब्रजचा एक बागायतदाराचा पोरगा माझ्याबरोबर खेळायचा. तो म्हणाला, "तुजं बरं हाय गड्या. दुसऱ्याचा घाम न्हाई लागत." मी त्यालाही हसून मान डोलावली. एवढा मूर्ख होतो मी.

त्या ग्लोव्हजमधलं भरण सरकून मनगटाकडे गोळा झालेलं. बोटांच्या हाडांवर नुसतं कातडं. बॅगेतली वाळू तळाशी बसून दगड झालेली. पट्ट्या पेटीत, म्हणजे मला नाहीतच. मी उघड्या मुठीवर ते कातडं चढवून महिनाभर मारत राहिलो. सालपटं निघाली, भाकरीचा तुकडा मोडेना. एका सकाळी उजव्या हातात कट्‌ झालं.

मिरजेला मावशी एका दवाखान्यात आया होती. तिच्याकडे गेलो. करंगळीमागचं हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी माझ्या पिशवीतले ग्लोव्हज मागून घेतले, अंगठ्यानं दाबून बघितले. अंगठा थेट पलीकडे लागला. ज्यात दाबल्यावर हाड लागतं तो जोड घालायचाच नाही, ते म्हणाले. मनगट वाकता कामा नये. आणि पट्टीशिवाय बॅगेला हात लावायचा नाही.

प्लास्टर निघाल्यावर मावशीनं मला पट्टी बांधायला शिकवली. आधी मनगट, मग पंजा, बोटांच्या मधून, हाडांवर तीन थर. बांधता बांधता तिनं विचारलं, "टांगतूस कुठं त्ये?"

"दाराजवळ. मला वेगळा खिळा दिलाय."

तिचा हात थांबला.

"दवाखान्यात माजा कप बी येगळा, खिडकीतच असतोय, पोरा," ती म्हणाली. "गप ऱ्हा. हात जप."

मला कळलं. सगळं एकदम कळलं. सरांपेक्षा माझाच जास्त राग आला, त्या वाकण्याचा. मावशीच्या गप राहण्याचाही आला, ती मला जपत होती तरी. बोललो तर निवड जाणार. नाही बोललो तर हात जाणार. परत येताना एसटीत सगळा वेळ मी मूठ मिटून बसलो होतो.

सातारला गेलो. हॉलमध्ये बसून मावशीनं दिलेल्या पट्ट्या शांतपणे बांधल्या. मग पेटी उघडली आणि तिच्यासमोर मांडी घालून ग्लोव्हज निवडायला लागलो. पहिला जोड दाबला, हाड लागलं. बाजूला ठेवला. दुसऱ्याचा अंगठा सुटलेला. तिसरा दाबला, भरण जागच्या जागी होतं. मूठ नीट मिटली. नाडी ओढली, मनगट घट्ट बसलं. तोवर बॅगेवरचे हात थांबले होते.

सर म्हणाले, "तुजं तिकडं हायत."

"त्यो खिळा माजा न्हाई, सर."

तीन फेऱ्या मारल्या. मनगट वाकलं नाही. हाड दुखलं नाही. म्हणजे बॉक्सिंग असं असतं, हे मला त्या दिवशी समजलं. घामानं भिजलेला तो जोड काढून मी उंब्रजवाल्यापुढे धरला, पाळी त्याची होती. त्यानं दोन्ही हात मागे घेतले.

सरांनी विचारलं, "आता ह्ये घालायचं कुणी?"

"ज्याला हात जपायचा हाय त्यानं."

माझा अर्ज सरांच्या टेबलावरच होता, सहीवाचून. त्यांनी तो घडी करून खणात टाकला. म्हणाले, उद्यापासून येऊ नकोस.

मी जोड पुसला, पेटीत ठेवला. बाकीच्या पाच जोडांमध्ये.

"येणार," मी म्हणालो. "अन् निवडूनच घालणार."

मग पट्ट्या सोडल्या, गुंडाळल्या आणि खिशात ठेवल्या. सकाळी परत लागणार होत्या.